चांगला सॉफ्टवेअर टेस्टर होण्यासाठी काय वाचावं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करताय, सर्टिफिकेशनही झालंय, पण ठरलेल्या टेस्ट केस (काय इनपुट दिलं की काय यायला हवं, याच्या नोंदी) चालवून पास-फेल भरण्यापलीकडे काही जमत नाही, तर आता काय वाचावं. मी बारा वर्षं हेच काम करतोय. तूर्त दोनच पुस्तकं घ्या आणि त्यांच्या जोडीला सॉफ्टवेअरमुळे झालेल्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचा. टूल्सची पुस्तकं नंतर बघू. टूल्स बदलत राहतात, गरज पडेल तेव्हा त्यांचं डॉक्युमेंटेशन पुरतं.

पहिलं पुस्तक ग्लेनफर्ड मायर्स यांचं ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’. 1979 चं आहे म्हणून टाळू नका. सुरुवातीलाच त्यात एक कोडं आहे: प्रोग्राम तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू मानतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. याच्या टेस्ट केस लिहा. पुढचं वाचण्याआधी खरंच कागद घेऊन बसा. 3, 4, 5 आणि 5, 5, 5 लगेच सुचतात. 1, 2, 3 सुचतं का? तिथे दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच होते, म्हणजे त्रिकोणच होत नाही. ते सुचलं तरी 1, 3, 2 आणि 3, 1, 2 लिहिता का? क्रम बदलला की कोडमधली वेगळीच तुलना तपासली जाते, आणि चूक नेमकी तिथे असू शकते. शून्य? ऋण संख्या? दोनच आकडे दिले तर? मायर्स स्वतःला तपासायला 14 प्रश्न देतात आणि सांगतात की अनुभवी प्रोग्रामरही सरासरी 7.8 पर्यंतच पोचतात. मला 6 मिळाले होते. त्याच आठवड्यात मी आमच्या प्रॉडक्टमधला तारखांचा फॉर्म घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसलो.

दुसरं, ‘लेसन्स लर्न्ड इन सॉफ्टवेअर टेस्टिंग’: केम केनर, जेम्स बाख, ब्रेट पेटिकॉर्ड. छोटे छोटे 293 धडे आहेत, सलग वाचायची गरज नाही. बग रिपोर्ट कसा मांडावा यावरचं प्रकरण आधी वाचा.

आता अहवाल, आणि माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी थेरॅक-25 या रेडिएशन मशीनवर 1993 मध्ये सविस्तर लेख लिहिला. 1985 ते 1987 या काळात त्या मशीनवर सहा रुग्णांना प्रचंड जास्त रेडिएशन बसलं, काही जण दगावले. 1986 मधली एक घटना अशी: ऑपरेटरने ‘ई’ (इलेक्ट्रॉन किरण) ऐवजी चुकून ‘एक्स’ (एक्स-रे) दाबलं, लगेच कर्सर वर नेऊन चूक सुधारली आणि पुढे गेली. मशीनला आतली मांडणी करायला सुमारे 8 सेकंद लागत, आणि त्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाच्या लक्षातच येत नव्हती. स्क्रीनवर फक्त ‘मालफंक्शन 54’. कंपनीच्या इंजिनिअरांना ते काही केल्या घडवता येईना. हॉस्पिटलमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच ऑपरेटरला सोबत घेऊन पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेव्हा कळलं की मेख टायपिंगच्या वेगात आहे. सरावाने हात जलद झालेल्या माणसालाच तो बग दिसणार होता.

हे वाचलं तेव्हा माझा एक बग ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून बंद झाला होता. मी पायऱ्या बरोबर लिहिल्या होत्या, पण दोन पायऱ्यांमध्ये किती वेळ जातो ते लिहिलंच नव्हतं. पुन्हा बसलो: एकदा सावकाश, एकदा भराभर. सेव्ह दाबून लोडर फिरत असतानाच बॅक दाबलं की नोंद दोनदा होत होती. रिपोर्टमध्ये तेवढीच ओळ वाढवली आणि डेव्हलपरला तो पहिल्याच झटक्यात मिळाला.

एरियान 5 रॉकेटचा अहवालही वाचा. ते 4 जून 1996 ला उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत फुटलं. रॉकेटची दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेचा, एरियान 4 वर नीट चाललेला कोड तसाच उचलला होता, पण नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन ती यंत्रणा तपासलीच नव्हती. ‘हा मॉड्यूल जुनाच आहे, टेस्ट नको’ असं कुणी म्हणालं की मला हाच अहवाल आठवतो.

सुरुवात थेरॅकच्या लेखापासून करा. वाचताना ‘रीप्रोड्यूस होत नाही’ म्हणून बंद झालेल्या तुमच्या बग्सची यादी शेजारी उघडी ठेवा, आणि त्यातला एक तरी पुन्हा घडवून बघा.