वर्डमधल्या मराठी अहवालात पाय चार्ट कसा टाकायचा आणि तो नीट कसा दिसेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यांतले कामगार कामावर कशाने येतात याचं सर्वेक्षण केलंय, प्रकल्प मराठीत आहे. वर्डमध्ये पाय चार्ट, म्हणजे कोणाचा वाटा किती हे दाखवणारा गोल, टाकला की 'सेल्स' असं शीर्षक आणि भलतेच आकडे येतात. शिवाय झेरॉक्स काढली की सगळे भाग सारखेच काळपट दिसतात.

माझं अशोकस्तंभाजवळ टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. मार्च-एप्रिलमध्ये गंगापूर रोडच्या कॉलेजांची आणि मुक्त विद्यापीठाची मुलं प्रकल्प घेऊन येतात, तेव्हा हीच अडचण रोज समोर असते. याचं कारण बहुधा एकच असतं. आपण त्या गोलाला चित्र समजतो. पण ते चित्र नाही, त्याच्या पोटात एक कोष्टक आहे. काम कोष्टकात करायचं, गोल आपोआप बदलतो.

'इन्सर्ट'मध्ये 'चार्ट', त्यात 'पाय', आणि पहिला साधा गोल निवडा. एक छोटी एक्सेलची खिडकी उघडते. तिच्यात ८.२, ३.२, १.४, १.२ असे चार आकडे आधीच भरलेले असतात. ते नमुन्याचे आहेत, वर्डने फक्त जागा दाखवलेली असते. ते तसेच ठेवून छापलेले प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि तोंडी परीक्षेत त्या मुलांची काय अवस्था झाली असेल या विचाराने वाईट वाटलं. डाव्या स्तंभात तुमचे पर्याय लिहा, उजव्या स्तंभात माणसांची संख्या. समजा १२० जणांना विचारलंत (हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत): दुचाकी ६६, सिटी बस २४, सायकल १२, पायी १२, रिक्षा ६. ५५ टक्के, २० टक्के असं हाताने काढून भरू नका. मूळ संख्या भरा, टक्केवारी वर्ड काढेल. 'सेल्स' लिहिलेल्या चौकटीत तुमचं शीर्षक लिहिलंत की गोलाच्या वर तेच येतं.

पर्याय चारपेक्षा जास्त किंवा कमी असतील तर कोष्टकाभोवतीच्या निळ्या रेषेचा खालचा कोपरा धरून हवा तिथपर्यंत ओढा. नुसतं खोडलं तर सूचीत रिकामा चौकोन उरतो. खिडकी बंद केल्यावर काही बदलायचं असेल तर गोलावर उजवी क्लिक आणि 'एडिट डेटा'.

ओळी मोठ्या संख्येपासून छोट्या संख्येकडे लावा. पहिला भाग घड्याळातल्या बाराच्या जागेपासून सुरू होतो आणि पुढचे काट्याच्या दिशेने येतात, म्हणून असा क्रम लावला की गोल वाचायला सोपा होतो. 'इतर' मात्र कितीही मोठं असलं तरी शेवटी.

आता आकडे दिसायला हवेत. गोलावर उजवी क्लिक, 'ॲड डेटा लेबल्स'. मग त्या आकड्यांवर उजवी क्लिक करून 'फॉरमॅट डेटा लेबल्स' उघडा, 'कॅटेगरी नेम' आणि 'परसेंटेज' यांवर खूण करा, 'व्हॅल्यू'वरची काढा, जागा 'आउटसाइड एंड' ठेवा. नाव थेट भागाशेजारी आलं की खालची रंगांची सूची, म्हणजे 'लेजंड', निवडून डिलीट करा. तुमच्या झेरॉक्सचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो, कारण कुठला रंग कशाचा हे शोधावंच लागत नाही.

उरलेला निम्मा प्रश्न रंगांचा. गोलावर एकदा क्लिक केलं की सगळे भाग निवडले जातात, त्याच भागावर थोडं थांबून पुन्हा क्लिक केलं की तो एकटा निवडला जातो. मग उजवी क्लिक, 'फॉरमॅट डेटा पॉइंट', आणि भरण्याच्या पर्यायात 'पॅटर्न फिल'. दुचाकीला गडद करडा, बसला तिरप्या रेघा, सायकलला ठिपके, पायीला कोरा पांढरा आणि काळी कड. काळ्या-पांढऱ्या छपाईत रेघा आणि ठिपके टिकतात. रंग टिकत नाहीत, कारण निळा आणि लाल हे दोन्ही जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात. थ्रीडी गोल घेऊ नका, तिरपा केल्यामुळे समोरचा भाग खरा आहे त्याहून मोठा दिसतो. सर्वेक्षण इतकं प्रामाणिकपणे करून शेवटी चित्राने खोटं बोलावं, हे मला पटत नाही.

मराठीबद्दल. प्रकल्प जुन्या कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केला असेल तर कोष्टकात इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. चार्टपुरतं तरी युनिकोडमध्ये लिहा, मंगल किंवा निर्मला फॉन्ट चालतो. टक्क्यांचे आकडेही देवनागरी हवे असतील तर कोष्टकाच्या तिसऱ्या स्तंभात '५५ टक्के', '२० टक्के' असं लिहून ठेवा. 'फॉरमॅट डेटा लेबल्स'मध्ये 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' (इथे सेल्स म्हणजे कोष्टकातल्या चौकटी) निवडा, तो स्तंभ दाखवा आणि 'परसेंटेज'वरची खूण काढा. वर्ड २०१३ पासून ही सोय आहे. मात्र नंतर संख्या बदलली तर हे शब्द तुम्हालाच बदलावे लागतील.

चार्टची फक्त एक बारीक पट्टी दिसत असेल तर त्या परिच्छेदाचं ओळींचं अंतर 'एग्झॅक्टली' असेल, ते 'सिंगल' करा. चार्ट एका पानावर आणि खालचं 'आकृती ३' दुसऱ्या पानावर जात असेल, तर चार्टच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लावा.

तुमच्या प्रश्नावलीबद्दल एक गोष्ट विचारावीशी वाटते. कामगाराला एकाहून जास्त उत्तरं देता येत होती का? कोणी पावसाळ्यात बसने आणि एरवी दुचाकीने येत असेल आणि त्याने दोन्हींवर खूण केली असेल, तर पाय चार्ट टाकू नका. उत्तरांची बेरीज १२० ऐवजी १५० झाली तरी वर्ड निमूटपणे तिचेच शंभर टक्के करून गोल काढतं, आणि 'निम्मे कामगार दुचाकीने' हे वाक्य चुकीचं ठरतं. तिथे आडवे पट्टे, म्हणजे 'बार' घ्या. बेरीज ९९ किंवा १०१ टक्के दिसली तर घाबरू नका. तीन सारखे भाग असले तर प्रत्येक ३३ दिसतो आणि बेरीज ९९ होते. 'फॉरमॅट डेटा लेबल्स'च्या 'नंबर'मध्ये एक दशांश स्थळ वाढवा, किंवा आकृतीखाली 'टक्केवारी पूर्णांकात' असं लिहा.

आता जे सांगण्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहितेय ते. चार्ट एक्सेलमध्ये करून वर्डमध्ये चिकटवणार असाल तर जपून. चिकटवताना 'एम्बेड' निवडलं तर गोलाबरोबर ती पूर्ण एक्सेल फाइल, तिच्या सगळ्या पानांसकट, वर्डच्या आत जाते. एका बचत गटाचा अहवाल मी असाच केला होता. त्यात गोल एकच होता, कर्ज कशासाठी घेतलं याचा. फाइल व्हॉट्सॲपवर फिरली, कोणीतरी 'एडिट डेटा' दाबलं, आणि बायकांची नावं, फोन नंबर, कोणाकडे किती थकबाकी, सगळं उघडं पडलं. त्या ताईंची माफी मागायला मी घरोघरी गेले. तुमच्या एक्सेलमध्येही कामगारांची नावं आणि कदाचित पगार असतील, आणि त्यांनी ते तुमच्या भरवशावर सांगितले आहेत. 'लिंक' निवडलं तर दुसरी अडचण येते: फाइल पेनड्राइव्हवर दुसरीकडे नेली की मूळ एक्सेल सापडत नाही आणि आकडे बदलता येत नाहीत.

म्हणून वर सांगितलं तसं वर्डमध्येच पाच ओळींचं कोष्टक भरा. किंवा एक्सेलमधून आणायचाच असेल तर चिकटवताना 'पिक्चर' निवडा. दुकानात मी आता हेच दोन मार्ग वापरते. आधीच चिकटवला असेल तर तो काढून पुन्हा टाका, आणि कॉलेजला शक्यतो पीडीएफ द्या.