विकलेल्या ईकोची नोटीस

प्रश्न: इंदूरच्या रामबागेतल्या एका वाचकांनी आपली घरची सात सीटर ईको गेल्या ऑगस्टमध्ये देवासच्या एका गृहस्थांना 2 लाख 60 हजारांना विकली. स्टॅम्पपेपरवर विक्रीपत्र झालं, नोटरी झाली, ‘यापुढील सर्व जबाबदारी खरेदीदाराची’ असंही लिहून घेतलं. ‘आरटीओ का काम मैं करवा लूँगा, भाईसाहब’ या शब्दावर फॉर्म 29 (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) आणि 30 (नाव बदलण्याचा अर्ज) सह्या करून देऊन टाकले. जानेवारीत त्या गाडीच्या धडकेत एक मोटारसायकलवाला जायबंदी झाला. आता अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस वाचकांच्याच दारात आली आहे. विमा मार्चपर्यंतचा होता. खरेदीदार म्हणतो, पोलिसांकडून गाडी सोडवायला तुमची एक सही हवी. द्यावी का?

उत्तर: आज देऊ नका. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तुमचं विक्रीपत्र खोटं नाही, पण ते तुम्हा दोघांपुरतं आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाने त्यावर सही केलेली नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(30) प्रमाणे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, तो मालक. पैसे कोणी मोजले, किल्ली कोणाच्या खिशात, हे तिथे चालत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक हातांतून फिरली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये भरपाई त्या पहिल्याच्याच माथी ठेवली. कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे काम घेणाऱ्यावर सोपवून आपण निर्धास्त होतो. (मी स्वतः माझी स्कूटर अशीच दिली होती, म्हणून फार बोलत नाही.)

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: अपघाताच्या दिवशी विमा चालू होता. म्हणजे जखमी माणसाची भरपाई मुळात विमा कंपनीने द्यायची. गाडी विकली म्हणून थर्ड पार्टी विमा संपत नाही. कलम 157 प्रमाणे तो गाडीबरोबर जातो. नोटिशीची प्रत आजच कंपनीला द्या, पोच घ्या.

पण एक विचारून घ्या. देवासच्या माणसाने ईको घेतली कशाला? खासगी पासिंगच्या गाडीत भाड्याच्या सवाऱ्या भरत असेल, किंवा ड्रायव्हरकडे लायसन नसेल, तर कंपनी शर्तभंगाचा मुद्दा काढणार. अशा वेळी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक कोण, ते वर आलंच.

म्हणून तारखेला हजर राहाच. गेला नाहीत तर एकतर्फी निकाल होईल. जबाबात विक्रीची तारीख, ताबा दिल्याची तारीख लिहा, बँकेत आलेल्या रकमेचा उतारा जोडा, आणि खरेदीदाराला पक्षकार करण्याचा अर्ज द्या. उद्या तुमच्याकडून वसुली झालीच, तर विक्रीपत्रातलं ते जबाबदारीचं वाक्य त्याच्याविरुद्ध कामाला येईल. त्याला स्पीड पोस्टाने नोटीसही आत्ताच पाठवा.

आता ती सही. सुपुर्दनाम्याच्या, म्हणजे पोलिसांनी धरलेली गाडी परत मागण्याच्या, अर्जात आणि शपथपत्रात ‘गाडी माझ्या ताब्यात व वापरात होती’ अशा अर्थाचं वाक्य टायपिस्ट सवयीने घालतो. त्यावर सही केलीत, तर तुमचा जबाब तुम्हीच खोटा पाडाल. सही द्यायचीच झाली, तर आपल्या वकिलाकडून मसुदा करून घ्या आणि अमुक तारखेला गाडी विकली, ताबा दिला, हे त्यात स्पष्ट येऊ द्या.

आणि फॉर्म 29 नव्याने भरून, विक्रीची खरी तारीख घालून, विक्रीपत्राच्या प्रतीसह आरटीओत द्या. उशीर झालाय, या अपघातातून तो तुम्हाला सोडवणार नाही. पण ती ईको सुटून पुन्हा रस्त्यावर येईल, त्याआधी आवक शिक्का मारलेली प्रत तुमच्याजवळ असू द्या.