वडिलांची फियाट: जशीच्या तशी ठेवू की मारुतीचं इंजिन टाकू?

प्रश्न: नमस्कार दादा. आमच्या वडिलांची १९७३ची फियाट आहे, घरात सगळे पद्मिनीच म्हणतो पण आरसी बुकात प्रेसिडेंट लिहिलंय, ते काय ते पण सांगा. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून गाडी कापसाच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. धाकटा भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो मारुतीचं इंजिन टाकू, एसी टाकू, अलॉय लावून गाडी खाली बसवू आणि मॅट ब्लॅक मारू. मी म्हणतो शोरूममधून निघाली होती तशी करू, अगदी नवी कोरी. आई दोघांनाही एकच म्हणते, "तुमना बापनी गाडी शे ती, पहिले चालू तं करा." भावाभावांत बोलणं बंद व्हायची वेळ आलीय. काय करावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: दादा, तुमच्या आईनं जे सांगितलंय त्यात माझं निम्मं उत्तर आलं, पण कॉलम भरायचाय म्हणून पुढचं लिहितो.

आधी नावाचं. फियाट ११०० आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्स बनवायची. फियाट हे नाव सुटल्यावर थोडा काळ तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. म्हणजे पद्मिनी खंडीभर दिसतील, आरसीवर प्रेसिडेंट असलेली मात्र कमीच. भावाला हे सांगा, बघा मॅट ब्लॅकचा डबा जरा बाजूला ठेवतो का.

आता चालू करण्याचं. सहा वर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारू नका, हात जोडून सांगतो. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी इंजिन हातानं फिरवून बघा, मोकळं फिरलं तरच पुढे जा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा वास आता पेट्रोलसारखा येणारच नाही, वार्निशसारखा येईल. रबरी पाइप सगळे बदला, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जुन्या काळचं रबर त्यात मऊ पडून सुटतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळायला लागलं की मग रिस्टोर करायला काही उरत नाही. चारही चाकांचे ब्रेक सिलेंडर जाम असतील असंच धरून चाला. आणि गोडाऊन कापसाचं आहे म्हणताय म्हणून सांगतो, एअर फिल्टर उघडून बघितल्याशिवाय काहीच करू नका. माझ्याकडे चाळीसगावकडची एक फियाट आली होती, फिल्टरच्या डब्यात उंदरांनी अर्धा किलो तरी सरकी भरून ठेवली होती, वर कापसाची गादी आणि गादीवर बाळंतपण झालेलं. मेन वायरिंग तर दाताखालून गेलेलीच होती.

चालू झाली की लगेच गॅरेजला टाकू नका. एक सीझन आहे तशी चालवा, धुळ्याला जा, पारोळ्याला जा, लग्नाला न्या. त्यात गाडी स्वतःच सांगते तिला काय हवंय. न चालवता केलेली लिस्ट ही नेहमी मोबाईलवर बघून केलेली लिस्ट असते, भावाची पण आणि राग मानू नका, तुमची पण.

त्या काळात पत्रा बघून घ्या, खरा खर्च इंजिनात नसतो, पत्र्यात असतो. फियाटला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळे दाराखालचा पत्रा आणि पायाखालचा फ्लोअर सडला असेल तर ते रंगकाम नाही, ते हाडाचं ऑपरेशन आहे. रबरी मॅट उचला, स्क्रूड्रायव्हरनं टोचा, चुंबक फिरवा, चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. आपल्या खान्देशाची कोरडी हवा पत्र्याला बरी, कोकणातल्या गाडीपेक्षा आपली गाडी केव्हाही घट्ट निघते. पण शेतात गेलेल्या गाडीच्या कोपऱ्यांत काळी माती अडकलेली असते आणि ती पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत धरून ठेवते, तिथे हमखास भोक. रंगाआधी ती माती धुऊन काढा.

आता भावाची लिस्ट. मारुतीचं इंजिन, नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहे, कंपनीनं बनवली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बदलता येतं, दुसऱ्याचं काळीज बसवता येत नाही. बेकायदा बदल सापडला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे.

एसी. चाळीसेक हॉर्सपॉवरचं १०८९ सीसी इंजिन, त्यावर कॉम्प्रेसर, वर मे महिन्यात ४५ डिग्री, आणि समोर लळिंगचा घाट. तुमचे वडील वणीच्या गडावर तुम्हाला या गाडीतून नेत असतील तर आठवत असेल, घाटात गाडी बंद पडायची, पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनच्या पंपावर हो, ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, पोरांनी तेवढ्यात काकडी खाऊन घ्यायची. पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडकायची त्याचा तो उपाय. एसी लावून तुम्ही तो त्रास दुप्पट करणार. पुढच्या दाराची ती तिकोनी काच उलटी फिरवा, वारा थेट छातीवर येतो, तोच एसी.

गाडी खाली बसवणं, आपल्या गावातले स्पीडब्रेकर भावानं बहुतेक विसरलेत. मॅट ब्लॅकचं एवढंच म्हणेन की वैशाखात बोनेटवर कळण्याची भाकरी भाजायची असेल तर जरूर मारा.

पण म्हणून तुमचं सगळं बरोबर असंही नाही. नवी कोरी करायची म्हणजे वडिलांनी बसून बसून झिजवलेली सीट जाणार, स्टेअरिंगवरची त्यांच्या बोटांची गुळगुळीत जागा जाणार, डॅशबोर्डवरचा देवाचा फोटो निघणार. कंपनीचा मूळ रंग गाडीला आयुष्यात एकदाच लागतो, तो घासून काढला की मग कितीही भारी पेंटर आणा. सत्तर टक्के रंग शाबूत असेल तर मी त्याला हातच लावणार नाही, पॉलिश करीन आणि गप्प बसेन. रिस्टोर करणारे पण गाडी मारतात, फक्त त्यांना कोणी बोलत नाही.

मी स्वतः काय करून बसलोय ते सांगतो. ९६ साली माझ्याकडे एक पद्मिनी होती, तिचा हँडलचा गियर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरचा, मला जुनाट वाटायचा, म्हणून खालचा, फ्लोअरवरचा गियर बसवला. त्यासाठी मधला फ्लोअर गॅस कटरनं कापला, हँडलखालचे रॉड भंगारात किलोवर दिले. दहा वर्षांनी अक्कल आली, मग तेच रॉड शोधत कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकान न् दुकान फिरलो, मिळाले ते वाकडे, आणि कापलेल्या फ्लोअरला जो जोड दिला तो आजही पावसाळ्यात पाणी घेतो. तेव्हापासून माझं एकच माप आहे, पान्यानं निघतं ते बसवा, कटर लागतो ते नको.

या मापात भावाला पण भरपूर मिळतं बरं का. हेडलाइटला रिले टाका, म्हणजे बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा स्विच, लाइट दुप्पट पडतो. बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो असेल तर अल्टरनेटर, पुढे सीट बेल्ट, रेडिएटरला जास्तीचा इलेक्ट्रिक पंखा, ठिणगीच्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर. अलॉयला पण माझी ना नाही, साइज कंपनीचा ठेवा आणि जुन्या डिस्का जपा. जे जे निघेल ते पोत्यात भरा, चिठ्ठी लावा, पोतं माळ्यावर. भंगारवाल्याला दारात उभं करू नका.

एक शेवटचं. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या खासगी गाडीला २०२१च्या नियमांनी विंटेज म्हणून नोंदवता येतं, तुमची बसते. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नसावा. फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. आईला गडावर न्यायची असेल तर साधी नोंदणीच रिन्यू करत राहा. ती शेवटची कधी झाली ते आजच बुक उघडून बघा.

प्रश्न: माझ्याकडे आजोबांची जुनी जीप आहे, मूळची पेट्रोल, काकांनी तीस वर्षांपूर्वी डिझेल इंजिन टाकलं. आता रिस्टोर करून मिल्ट्री रंग मारायचाय. चालेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर: रंग चालणार नाही. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, नियमातच आहे, जीपवाले सर्रास मारतात ही गोष्ट वेगळी. इंजिनचं म्हणाल तर आपल्याकडे निम्म्या जीपांची हीच कथा, पेट्रोल परवडेना, टाकलं डिझेल. डिझेल म्हणून आरसीवर तेव्हा नोंद केली होती का ते आधी बघा. केली असेल तर निवांत, तेच इंजिन नीट करा. नसेल तर जुनं पेट्रोल इंजिन काकांनी कुठे टाकलंय ते विचारा, शेतातल्या विहिरीवर पंपाला जोडलेलं सापडलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते मिळालं आणि नंबर बुकाशी जुळला तर कितीही खराब असलं तरी तेच बसवा. ॲव्हरेज विचारू नका.

प्रश्न: ॲम्बेसेडर पांढरी आहे, काळी करायची, काही प्रॉब्लेम?
– एक वाचक, तळोदा

उत्तर: नाही, पण आरटीओत अर्ज देऊन आरसीवर रंग बदलून घ्या आणि रंगवताना दारांच्या आतल्या कडा सोडू नका, दार उघडल्यावर पांढरी पट्टी दिसली की सगळा रुबाब जातो. वरचं भाकरीचं मात्र तुम्हालाही लागू.