वाचकांचे प्रश्न : हुपरीच्या चांदीला लांडगा घाबरतो का?

गेल्या अंकात आपण कोल्हापूरच्याच एका नवीन लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण छापलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, सोळा वर्षांचा पोरगा, आजोळ राधानगरीच्या जंगलाला लागून, तिथं एका म्हाताऱ्या धनगरणीचा शाप लागतो आणि आषाढी पौर्णिमेला रात्री बाराला चंद्र उगवला की हा बैलाएवढा लांडगा होतो, गावातला एक बंदूकवाला मागं लागतो, आणि वर्गातल्या एका मुलीला सगळं कळलेलं असतं. बास एवढंच. पण त्यावर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की हा अख्खा कॉलम लांडग्यालाच द्यावा लागतोय, तांबडा-पांढरा रश्श्यावरचे प्रश्न पुढच्या वेळी.

राधानगरीत लांडगे आहेत का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन पार्ट्या पडल्यात. – अकरावी सायन्स, राजारामपुरी

जी पार्टी 'नाहीत' म्हणतेय तिला वडापाव द्या. राधानगरी म्हणजे गव्यांचं जंगल, १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठीच अभयारण्य झालं. गर्द झाडी, धो धो पाऊस, तिथं बिबट्या मिळेल, रानकुत्री मिळतील, पण आपला लांडगा हा माळावरचा गडी. त्याला उघडं गवत लागतं, लांबवर दिसायला लागतं, ससे, काळवीट, चिंकारा आणि मिळाली तर मेंढी. म्हणजे आटपाडी, जत, माण, पुढं सोलापूरकडं नान्नजचा माळ, ही त्याची गावं. परदेशी सिनेमात बर्फ आणि उंच झाडं दिसतात म्हणून आपण पण लांडगा उचलून जंगलात नेऊन टाकतो, पण तो तिथला लांडगा झाला.

आणि बैलाएवढा वगैरे तर अजिबात नाही. आपल्याकडचा लांडगा साधारण वीसेक किलोचा असतो, लांब पायांचा, मातकट रंगाचा, आखूड केसांचा, लांबून बघितला तर एखादं बारीक झालेलं गावठी कुत्रंच वाटेल. आता गंमत बघा, पोरगा साठ किलोचा आणि लांडगा वीस किलोचा, मग उरलेले चाळीस किलो गेले कुठं? मला विचाराल तर बैलाएवढ्या लांडग्यापेक्षा हा प्रश्न जास्त भारी आहे. तो लांडगा झाल्यावर ताकदवान होण्याऐवजी लहान, हलका आणि भित्रा होतो, त्याला गावातली कुत्रीच पळवून लावतात, हे कुणी लिहिलंय का? मी तर वाचलेलं नाही.

लेखिकेला माझा सल्ला, (मागितला नाहीये तरी देते), आजोळ राधानगरीतनं उचल आणि पट्टणकोडोलीला ने. तिथं विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असते, भंडाऱ्यानं माणसं, रस्ते, आभाळ सगळं पिवळं होतं, भाकणूक होते, म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस कसा, पीकपाणी कसं ते सांगतात आणि लांबलांबून आलेले धनगर कान देऊन ऐकतात. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातनं मेंढ्या घेऊन लोक पश्चिमेला येतात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात, रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून कळप कोंडतात. आणि कळपाच्या मागनं लांडगा फिरतो हे कुठल्याही मेंढक्याला विचारा. म्हणजे तुझा लांडगा कोल्हापुरात कसा आला याचं उत्तर आपोआप मिळालं, शापाची गरजच नाही.

लांडगा होणारा माणूस चांदीच्या गोळीनंच मरतो म्हणतात, ते का? आमच्या गावात घरटी चांदी आहे म्हणून विचारतोय. – एक कारागीर, हुपरी

तुमचा प्रश्न वाचून मला लई आनंद झाला कारण पट्टणकोडोलीपासनं हुपरी जवळच की ओ! एका बाजूला मेंढरं आणि त्यामागनं येणारा लांडगा, दुसऱ्या बाजूला पैंजणांसाठी देशभर नाव असलेलं चांदीचं गाव, कादंबरीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

चांदीचं म्हणाल तर जुन्या गोष्टींमध्ये ती सक्तीची नाहीच. ग्रीक कथेत लायकाऊन नावाचा राजा देवाला माणसाचं मांस वाढतो म्हणून लांडगा होतो, तिथं चांदीबिंदी काही नाही. फ्रान्समध्ये जेवोदां भागात १७६४ ते १७६७ एका जनावरानं कितीतरी माणसं मारली, तिथं चांदीच्या गोळीची गोष्ट सांगतात पण ती नंतर चिकटवलेली. वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) म्हटलं की चांदी हे समीकरण जगभर पक्कं केलं ते १९४१ च्या एका हॉलिवूड सिनेमानं, त्यात तर गोळी पण नव्हती, चांदीच्या मुठीची काठी होती.

आता तुमच्या धंद्यातलं तुम्हाला मी काय सांगणार, पण इतर वाचकांसाठी, शिसं ३२७ अंशाला वितळतं आणि चांदी ९६२ ला. म्हणजे चुलीवर शिसं वितळवून गोळी ओतणारा बंदूकवाला चांदीची गोळी घरी करू शकत नाही, त्याला भट्टी लागणार, मूस (धातू वितळवायचं भांडं) लागणार आणि हात बसलेला माणूस लागणार. म्हणजे त्याला हुपरीत कुणाच्या तरी दारात जावंच लागेल, आणि तो कारागीर विचारणार की भावा, चांदीची गोळी कशाला पाहिजे? तिथं एक अख्खं प्रकरण तयार आहे. आणि वर्गातली ती मुलगी त्याच कारागिराची पोरगी केली तर मग नाद खुळा.

तो परत माणूस होतो तेव्हा कपड्यांचं काय? – नाव छापू नका

नाही छापत. हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वी पण पडला होता, बाराव्या शतकात मारी द फ्रान्स नावाच्या कवयित्रीनं एक गोष्ट लिहिली, त्यात लांडगा होणाऱ्या सरदाराची बायकोच त्याचे कपडे पळवायला लावते, आणि कपडे नाहीत म्हणून त्याला परत माणूस होता येत नाही. आपल्या पोराच्या बाबतीत कॉलेजचा युनिफॉर्म होता, आईनं विचारल्यावर तो काय सांगणार हे लेखिकेनं ठरवावं.

पौर्णिमेचा चंद्र रात्री बारा वाजता उगवत नाही. तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो व मध्यरात्री माथ्यावर येतो. संपादक काय करत होते? – निवृत्त भूगोल शिक्षक, गडहिंग्लज

सर, संपादक चहा पीत होते. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, पुढच्या खर्ड्यात दुरुस्त होईल. पण तुमच्यामुळंच अजून एक मुद्दा सुचला. आषाढी पौर्णिमा आहे आणि गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तर चंद्र दिसणार कसा? आषाढात इथं सूर्य दिसत नाही तर चंद्र कुठनं. मग लेखिकेनं नियम ठरवायला पाहिजे, चंद्र दिसल्यावर तो बदलतो की पौर्णिमा लागली की बदलतो? दिसल्यावर असेल तर पावसाळाभर पोरगा सुखरूप, आणि मग कोजागरीला सगळं घर गच्चीवर मसाला दूध घेऊन चंद्राची वाट बघतंय आणि हा एकटाच ढग यावेत म्हणून नवस बोलतोय. तिथी लागल्यावर असेल तर मग आजीच्या भिंतीवरचं पंचांगच त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. कुठलाही एक नियम चालेल पण शेवटपर्यंत तोच पाहिजे, सोयीनं बदलला की वाचक पुस्तक मिटतो, आणि सोळा वर्षांचा वाचक तर आधी मिटतो. हां, आणि साडेएकोणतीस दिवसांचं चक्र आहे, अधिक महिना आला की वर्षात तेरा पौर्णिमा, तेराव्याला काय होतं हे मला वाचायला आवडेल.

पुढच्या भागात अल्फा येणार का? बीटा, ओमेगा पण पाहिजेत. अल्फा असला की भारी वाटतं. – दहावी, शाहूपुरी

वाटतं खरं. पण ऐक, हे अल्फाचं खूळ आलं कुठनं. १९४७ मध्ये रुडोल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञानं पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलं, एकमेकांना न ओळखणारे लांडगे एका जागी कोंडलेले, ते भांडणारच, त्यातला जो वरचढ तो अल्फा. मग डेव्हिड मेक यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात ते घेतलं आणि जगभर पसरलं. नंतर त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की बाबांनो तसं नाहीये, रानातला कळप म्हणजे एक कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची पोरं, मोठी पोरं धाकट्यांना सांभाळतात, आणि वयात आली की जोडीदार शोधायला बाहेर पडतात. त्यांनी तर प्रकाशकाला ते जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून सांगितलं.

म्हणजे तुझ्या अल्फाचं खरं काम काय तर पोरांना खायला आणणं. घरी जो बाप आहे तोच. मला वाटतं लेखिकेला इथंच खरं घबाड आहे, कारण सोळाव्या वर्षाचा प्रश्न हा सिंहासनाचा नसतोच, घर सोडून जायचं की राहायचं हा असतो. बारावीनंतर पुण्याला जायचं का इथंच राहायचं यावर कोल्हापुरात घराघरात जी भांडणं होतात तीच लांडग्यांच्या कळपात पण होतात असं लिहिलं तर कुणाला खोटं वाटणार नाही. अल्फा पाहिजेच असेल तर ठेव, पण तो पिंजऱ्यातनं सुटलेला लांडगा कर.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात शाप, भूतबाधा असल्या अंधश्रद्धा तरुणांच्या डोक्यात का भरवता? आपल्याकडे काय कमी आहे म्हणून हे परदेशी फॅड? – वय ७२, मंगळवार पेठ

काका, दोन प्रश्न आहेत, दुसऱ्याचं आधी सांगते. रूप बदलण्याच्या गोष्टी आपल्याकडं पण आहेत आणि कोल्हापुरात तर अगदी उशाला. टेंबलाईची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल, कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष, त्याच्या हाती योगदंड लागतो आणि तो देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकतो, मग त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई, त्याला मारते आणि देव सुटतात, पण विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचं राहून जातं म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसते, आणि अजून ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला जाते, तिथं कोहळा फोडतात. ज्या गावात देवांच्या मेंढ्या झाल्या त्या गावात पोराचा लांडगा झाला तर फॅड कसं म्हणायचं? जेजुरीला वाघ्ये खंडोबाची कुत्री होऊन भुंकतात, कोटंब्यातलं (लाकडी भांड्यातलं) खातात, ते पण आहेच.

पहिल्याचं मात्र तुमचं मी अर्धं मान्य करते. पोरगा लांडगा होतो ही कल्पना आहे, तेरा वर्षांच्या मुलालाही ते कळतं, त्यानं अंधश्रद्धा वाढत नाही. पण शाप देणारी म्हातारी धनगरीण, ती मला पण खटकली. कारण म्हातारी, एकटी, गरीब बाई म्हणजे चेटकीण ही कल्पना नुसती गोष्टीत राहत नाही, अशा बायकांना खऱ्या गावात मारहाण झालेली आहे, म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणाला करणी करणारी ठरवून छळणं हा गुन्हा केलाय. युरोपात पण १५८९ मध्ये जर्मनीत पीटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला लांडगा होतो म्हणून हालहाल करून मारलं. लांडगा खोटा होता, मेलेला माणूस खरा होता. तर ही म्हातारी बदलायला पाहिजे. उलटं करा ना, गावात मेंढ्या मरायला लागल्यावर सगळे त्या म्हातारीवर संशय घेतात आणि खरं काय ते फक्त त्या पोराला माहीत असतं, आता बोलायचं की गप्प बसायचं?

बंदूकवाल्यानं लांडगा मारला तर? – सातवी, कसबा बावडा

जेल. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. देशात आता दोन-तीन हजारच असतील. गोष्टीत फॉरेस्ट खातं कुणीच आणत नाही हे पण एक नवलच आहे.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मोबाईलवर रात्री उशिरापर्यंत लांडगा आणि मुलगी यांच्या प्रेमाच्या गोष्टी वाचते. वाचू देऊ का? – एक आई, उचगाव

ताई, वाचू दे, पण मोबाईलऐवजी कागदावर आणि दहाच्या आत. आणि एकदा तुम्ही पण वाचा, चोरून नको, तिला सांगून. या गोष्टींमध्ये एक पॅटर्न लई वेळा असतो, तो तिच्यावर गुरगुरतो, तिला कुठं जाऊ देत नाही, कुणाशी बोलू देत नाही आणि याला प्रेम म्हणायचं कारण काय तर तो लांडगा आहे. असं काही आलं की तिला सरळ विचारा, वर्गातला पोरगा असा वागला तर तुला चालेल का. ती डोळे फिरवेल, फिरवू दे. आमच्या लेखिकेच्या प्रकरणात असं काही नाही हे मी बघून घेतलंय.

एका प्रकाशकानं पुस्तक काढायला माझ्याकडंच पैसे मागितलेत, आणि करारात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढंच लिहिलंय. सही करू का? – प्रकरणाची लेखिका

करू नको, आधी वाच. पैसे देऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, मराठीत बरेच नवीन लेखक करतात, पण मग ते सरळ स्वतःचं प्रकाशन समज, किती प्रती, कागद कुठला, विकायचं कोण, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे सगळं लिहून घे, आणि मग हक्क तुझ्याकडंच राहायला पाहिजेत, पैसे पण तुझे आणि हक्क त्यांचे असं कुठं असतं का. आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) वेगळे पैसे मागितले असतील तर लक्षात ठेव, भारतात तो नंबर सरकारी एजन्सीकडनं फुकट मिळतो.

कराराचं सांगायचं तर कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुझा झालेला आहे, नोंदणी केली नाही तरी, आणि तो तुझ्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं चालतो. 'सर्व हक्क' या शब्दात अनुवाद, ऑडिओ, वेबसिरीज सगळं बसवायला बघतात, म्हणून एकेक हक्क वेगळा लिहायला लाव आणि छापील मराठी आवृत्ती सोडून बाकीचे स्वतःकडं ठेव. मुदत पण घाल. मुदत लिहिलीच नसेल तर कायद्यानं हस्तांतर पाच वर्षांचं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं, हे कलम १९ मध्ये आहे, पण त्यावर विसंबून राहू नको, लिहूनच घे. रॉयल्टी छापील किमतीवर की सवलतीनंतरच्या किमतीवर हे विचार, दोन्हीत बराच फरक पडतो.

आणि घाई कशाला, पट्टणकोडोलीची यात्रा दिवाळीच्या आधी असते, एकदा रात्रभर तिथं थांबून ये, मेंढक्यांशी बोल, हुपरीत एखाद्या भट्टीपाशी बसून ये आणि मग दुसरा खर्डा पाठव. करवीर नगर वाचन मंदिरात १८५० पासनं पुस्तकं जमा होतायत, जुन्या लोककथा तिथंच मागून बघ. करार पाठवायचा असेल तर फोटो काढून नको, पीडीएफ पाठव, गेल्या वेळचं चौथं पान निम्मं कापलेलं होतं.