स्क्रबरचा पीएच ३ ते १२ हेलकावे खातोय: कंट्रोलर बदलण्याआधी

तुमच्या कुंडईच्या पिकलिंग शॉपमधल्या (जिथे ॲसिडने धातूवरचा गंज काढतात) हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या स्क्रबरचा (ॲसिडची वाफ पाण्याने धुणाऱ्या यंत्रणेचा) पीएच दिवसभर ३ ते १२ मध्ये फिरतो, पाऊस लागल्यापासून मीटर अधूनमधून ७ वर अडकतो, तेव्हा नवा कंट्रोलर (पीएच बघून डोस सोडणारा) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात घेऊ नका.

हिशेब करून बघा. टाकीत १००० लिटर पाणी धरा. पीएच २ वरून ४ वर आणायला सुमारे ४०० ग्रॅम कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) लागतं. पण ४ वरून १० वर जायला फक्त ८ ग्रॅम! पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे प्रत्यक्षात थोडं जास्त लागेल, तरी चढ तेवढाच उभा. त्यात ४८ टक्क्यांची लाय (कॉस्टिकचं द्रावण) मोठ्या पंपाने सोडली, तर कुठलाही कंट्रोलर ती आवरू शकत नाही. लाय १० टक्क्यांपर्यंत पातळ करा, पंपाचा स्ट्रोक (एका फेरीत सोडायचं माप) कमी करा, ७ चा आग्रह सोडून ८.५ ते ९ वर ठेवा. १० च्या वर मुळीच नको. तिथे कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड खात बसतं आणि पाणी जड असेल तर पॅकिंगवर (स्क्रबरच्या आतल्या भरावावर) चुन्याचा थर चढतो. प्रोब (पीएच मोजणारी कांडी) टाकीच्या कोपऱ्यात असेल तर फिरत्या पाण्याच्या लाईनवर घ्या.

आता ७ चं. याची मला जास्त काळजी वाटते. काचेचा प्रोब पीएच ७ ला जवळपास शून्य मिलिव्होल्ट देतो आणि त्याचा रोध शेकडो मेगाओहम असतो. गोव्याच्या पावसाळ्यात कनेक्टरमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली की सिग्नल गळतो आणि मीटर ७ दाखवतो. कंट्रोलरला ८.५ हवं असतं, म्हणून तो कॉस्टिक ओततच राहतो. तुमचे १२ बहुधा इथूनही येत असावेत. प्रोब ४ आणि ९.२ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवून बघा. फक्त ७ च्या बफरने काहीच कळत नाही. दोन्हीकडे ७ च्या आसपास आकडा आला तर आधी कनेक्टर आणि केबल सुकवा. बॉक्समध्ये सिलिका जेल ठेवा, ग्लँड (केबल आत शिरते तिथला सील) नीट आवळा. तोवर डोसिंग मॅन्युअलवर ठेवा आणि पाणी पीएच पट्टीने तपासत राहा.

तुमच्याकडे स्टेनलेसही पिकल होतं का? हायड्रोफ्लोरिक वापरत असाल तर साधी काच टिकणार नाही, प्रोबच वेगळा घ्यावा लागेल. तेवढं कळवा.