जुन्या लॅपटॉपचा पासवर्ड आठवत नसेल, तर आतील फाइली न गमावता तो कसा उघडावा?

तुमचा प्रश्न असा आहे: काही वर्षे बंद पडून राहिलेला विंडोज १० चा लॅपटॉप आहे, त्याचा पासवर्ड आठवत नाही, आत कुटुंबाचे फोटो आणि कागदपत्रे आहेत, आणि यातले काहीही न गमावता तो उघडायचा आहे. लॅपटॉप तुमचा स्वतःचा आहे असे गृहीत धरून उत्तर देतो. माझ्या परिचयातले अनेक जण हीच अडचण घेऊन माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो: लॅपटॉप उघडणे आणि आतील फाइली हाती येणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि फाइलींचे काम आधी करावे. पासवर्ड बदलण्याच्या किंवा विंडोज नव्याने बसवण्याच्या काही मार्गांत माहिती कायमची जाऊ शकते. फाइलींची प्रत एकदा दुसरीकडे सुरक्षित झाली की मग कोणताही मार्ग निर्धास्तपणे अवलंबता येतो.

त्याआधी लॅपटॉपची अवस्था पाहा. बराच काळ पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी कधी कधी फुगते. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाचे झाकण फुगीर दिसत असेल, तर चार्जर लावू नका. बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. लॅपटॉप व्यवस्थित सुरू झाला, तर पासवर्ड खरोखर चुकतो आहे की कीबोर्ड चुकीचे अक्षर उमटवतो आहे, हे तपासा. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबून धरल्यास टाइप केलेली अक्षरे दिसतात. कॅप्स लॉक सुरू असणे, काही लहान कीबोर्डांवर नम लॉकमुळे अक्षरांच्या जागी अंक उमटणे, किंवा लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड निवडलेला राहणे, ही कारणे मी वारंवार पाहिली आहेत. याच पडद्यावर ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये पिनचा पर्याय दिसतो का, तेही पाहा, कारण पासवर्ड विसरलेल्या माणसाला चार अंकी पिन पुष्कळदा आठवतो.

आता खाते कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखायला हवे, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. मुद्दाम एकदा चुकीचा पासवर्ड द्या. येणाऱ्या संदेशात मायक्रोसॉफ्ट खात्याचा उल्लेख असेल, तर तुमचे लॉगिन ईमेलशी जोडलेले आहे. नसेल, तर बहुधा ते केवळ त्या लॅपटॉपपुरते, म्हणजे लोकल खाते आहे.

मायक्रोसॉफ्ट खाते असेल, तर मार्ग सोपा आहे. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जाऊन पासवर्ड बदलावा. त्यासाठी नोंदवलेल्या फोन क्रमांकावर किंवा पर्यायी ईमेलवर संकेतांक येतो. तो क्रमांक आता तुमच्याकडे नसेल, तर ओळख पटवण्याचा एक तपशीलवार अर्ज तेथे भरता येतो. नवा पासवर्ड लॅपटॉपला कळण्यासाठी लॉगिनच्या पडद्यावरूनच तो इंटरनेटला जोडावा लागतो. तोपर्यंत तो जुनाच पासवर्ड ओळखतो. इथे जुन्या लॅपटॉपांची एक खास अडचण येते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असेल, तर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे त्यामुळे अवैध ठरतात आणि अचूक पासवर्ड देऊनही लॉगिन होत नाही. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाऊन तारीख दुरुस्त करावी. शिवाय, सलग दोन वर्षे वापर नसलेले खाते मायक्रोसॉफ्ट बंद करू शकते, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. खाते उघडलेच, तर वनड्राइव्हमध्येही, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतही, पाहा. शोधत असलेले फोटो कदाचित तेथे आधीच असतील.

लोकल खाते असेल, किंवा मायक्रोसॉफ्ट खाते परत मिळत नसेल, तर फाइली विंडोजबाहेरून काढाव्या लागतात. हे शक्य होते याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. लॉगिनचा पासवर्ड हा दारावरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. विंडोज सुरू झाल्यावरच तो पहारा देतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदललेली नसेल, तर त्याच डिस्कवरच्या फाइली विंडोजखेरीज दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम विनासायास वाचू शकते. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत उतरवून रुफससारख्या साधनाने ती ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेन ड्राइव्हवर चढवावी. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात असू द्या. मग लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावे, म्हणजे विंडोज अर्धवट झोपेत न जाता पूर्ण बंद होते. लॅपटॉप पुन्हा सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी आणि त्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा; ही कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९, एस्केप अशी वेगवेगळी असते. पुढे उबुंटू केवळ वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. इन्स्टॉलचा पर्याय चुकूनही निवडू नये, कारण त्यात तुमची डिस्क पुसली जाऊ शकते. त्यानंतर विंडोजच्या विभागातील ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सापडतील. ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि त्यातल्या काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करून घ्यावी. हे जमणार नसेल, तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडण्याचे काम कोणताही संगणक दुरुस्त करणारा करून देईल.

मात्र डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय, सुरू असेल, तर उबुंटूमध्ये तो विभाग उघडणारच नाही. विंडोज ८.१ पासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते, आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, नाहीतर कागदावर छापलेली किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेली असू शकते. ही की नसेल आणि लॉगिनही होत नसेल, तर फाइली परत मिळण्याचा मार्ग उरत नाही. पैसे घेऊन बिटलॉकर तोडून देण्याची जाहिरात करणाऱ्यांवर कृपया विश्वास ठेवू नका.

फाइली हाती आल्या की लोकल पासवर्डकडे वळावे. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून लोकल खात्याला सुरक्षा प्रश्न ठेवता येतात. ते ठेवले असतील, तर चुकीचा पासवर्ड दिल्यावर ‘रीसेट पासवर्ड’ हा दुवा दिसतो. लॅपटॉपवर घरातल्या दुसऱ्या कुणाचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते असेल, तर तेथून तुमच्या खात्याला नवा पासवर्ड देता येतो. असा बाहेरून दिलेला पासवर्ड आणि स्वतः जुना टाकून बदललेला पासवर्ड यांत मोठा फरक आहे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, तसेच विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली, जुन्या पासवर्डवर आधारलेल्या किल्लीने बंद असतात; पासवर्ड बाहेरून बदलला की ती किल्ली उघडत नाही. साध्या फोटोंना आणि कागदपत्रांना याने काहीही होत नाही.

‘जुना पासवर्ड शोधून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर उतरवण्याची मला गरज दिसत नाही. विंडोज पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे गणिती प्रक्रियेने त्यापासून तयार केलेला ठसा, साठवते. हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, एकामागून एक अंदाज करून तो जुळतो का एवढेच पाहता येते. त्यातही अशा नावाखाली मिळणाऱ्या अनेक फाइलींमध्ये मालवेअर असतो.

विंडोज सुरू होण्याआधीच, कंपनीच्या बोधचिन्हापाशी पासवर्ड मागितला जात असेल, तर तो बायोसचा पासवर्ड आहे आणि वरचे उपाय तेथे लागू पडत नाहीत. मदरबोर्डवरची बॅटरी काढण्याचा सल्ला बहुतेक लॅपटॉपांवर निष्फळ ठरतो, कारण तेथे हा पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जाणे हाच सरळ मार्ग आहे. केवळ बायोसचा पासवर्ड असेल आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर डिस्क काढून फाइली घेता येतात. पासवर्ड खुद्द हार्ड डिस्कला लावलेला असेल, तर मात्र ती दुसऱ्या संगणकातही उघडत नाही.

शेवटचा पर्याय म्हणजे विंडोज नव्याने बसवणे. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडल्यास ‘ट्रबलशूट’मध्ये तो सापडतो. फाइलींची प्रत तपासून झाली असेल, तर सगळे पुसून टाकण्याचा पर्याय निवडायला हरकत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे लॅपटॉप पुढेही इंटरनेटवर वापरायचा असेल आणि त्यावर विंडोज ११ चालत नसेल, तर फाइली काढायला वापरलेल्या पेन ड्राइव्हवरूनच उबुंटू कायमचे बसवण्याचा विचार जरूर करा.