'झेड-ए' चालतो, पण आधी यादी विचारा

तुमच्या भाच्याने स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात 'झेड-ए' लावला, घरच्या डिक्शनरीत तो सापडेना, आणि आता 'असा शब्द तरी आहे का' यावरून घरात तंटा. वाचून आधी हसू आलं, मग माझं जुनं दुखणं वर आलं.

शब्द खरा आहे. पिझ्झाचं अमेरिकन बोलीतलं आखूड रूप, पुढचं सगळं छाटून उरलेलं शेपूट. उच्चार साधारण 'झाड'मधल्या 'झा'सारखा. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या, म्हणजे चालणाऱ्या शब्दांच्या, यादीत तो २००६ साली आला, 'क्यू-आय'सोबत (चिनी कल्पनेतली प्राणशक्ती). कॉलिन्स या ब्रिटिश डिक्शनरीवाल्यांच्या यादीतही आहे, आणि आपल्याकडच्या स्पर्धा त्याच यादीवर होतात. मागे एस लावलात तरी चालतं.

आता माझी गोष्ट. एका हौशी मंडळाची स्पर्धा, शेवटचा डाव. पटावर आडवा 'पास्ता' होता. त्याच्या शेवटच्या ए-च्या बरोबर वर अक्षराचे तिप्पट गुण देणारं घर. तिथे झेड ठेवला, शेजारी ए. आडवा 'झा', उभाही 'झा'. झेडचे दहा, तिप्पट तीस, ए-चा एक; दोन्हीकडून एकतीस, एकूण ६२! समोरच्या काकू म्हणाल्या, "झा? अहो, हे तर आडनाव. विशेषनाम चालत नाही." संयोजकांनी कुठूनशी शाळकरी डिक्शनरी काढली, पानं उलटली आणि मान हलवली. ६२ गुण गेले, पाळीही गेली. मी मोबाईलवर यादी दाखवायला गेलो, तर "मोबाईल आत ठेवा." पुढे दोन पत्रं लिहिली. उत्तर शून्य. स्पर्धा घ्यायची हौस दांडगी, पण शब्द कशावरून तपासणार हे कागदावर लिहायला हात दुखतात.

पण खरी चूक माझीच. पहिलं अक्षर उचलायच्या आधी 'यादी कुठली?' हे विचारलंच नव्हतं. हा प्रश्न भाबडा वाटतो, पण आहे कळीचा. 'झेड-ओ' कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकेत नाही. 'ओके'सारखा रोजचा शब्द अमेरिकन खेळाडूंच्या डिक्शनरीत २०१८मध्ये आला, कॉलिन्समध्ये २०१९मध्ये. त्याआधी कुणी लावला असता तर तोंडघशी पडला असता.

मी काही पंच नाही, फोनवरच्या खेळांबद्दल तर छातीठोक बोलणारच नाही. घरात मात्र माझं मत ठाम: एक यादी ठरवा आणि अर्थ येत नसला तरी शब्द चालू द्या. 'अर्थ सांग, मगच गुण' हा नियम मला मुळीच पटत नाही. तसं केलंत तर निम्मे खेळाडू 'क्यू-आय'वरच अडकतील. आणि झेड हाती आला की आधी पटावर मोकळा ए शोधा, मोठ्या शब्दाच्या आशेने दाबून ठेवू नका.

त्या काकू अजून बाजारात भेटतात. मला 'झासाहेब' म्हणतात.